लांबलचक वैद्यकीय शब्द वाचायचा कसा : 'इसोफॅगोगॅस्ट्रोड्युओडेनोस्कोपी'ची उकल

पोटात जळजळ होते, घास गिळताना अडकतो किंवा शौचाला काळे होते म्हणून डॉक्टर एक तपासणी लिहून देतात. घरी येऊन आपण सांगतो, 'दुर्बिणीची तपासणी सांगितली आहे.' रुग्णालयाच्या पावतीवर तिचे नाव 'ओजीडी स्कोपी' किंवा 'अपर जीआय एन्डोस्कोपी' असे असते, अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकाच्या कागदावर 'ईजीडी' असते, आणि विम्याच्या अर्जावर किंवा सविस्तर अहवालाच्या मथळ्यावर हेच नाव पूर्ण रूपात येते : इसोफॅगोगॅस्ट्रोड्युओडेनोस्कोपी. अमेरिकी स्पेलिंगमध्ये याची २६ अक्षरे होतात. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये सुरुवातीला 'ओ' हे एक अक्षर जास्त असते, म्हणून २७. ओजीडी आणि ईजीडी या दोन वेगळ्या तपासण्या नव्हेत. आद्याक्षर बदलते ते केवळ या एका 'ओ'मुळे.

असा शब्द पाठ करू नये, तो सोडवावा. सोडवण्याची रीत एकदा हाती आली की सोनोग्राफीच्या, शस्त्रक्रियेच्या किंवा रक्ततपासणीच्या कागदावरचे बहुतेक शब्द त्याच रीतीने उलगडतात. इंग्रजी वैद्यकीय शब्द मुख्यतः ग्रीक आणि लॅटिन घटक जोडून तयार झालेले आहेत, आणि ही जोडणी आपल्या सामासिक शब्दांशी इतकी मिळतीजुळती आहे की शाळेत समास शिकलेल्या मराठी वाचकाचे अर्धे काम आधीच झालेले असते.

पहिली पायरी : शब्द जसाच्या तसा उतरवा

कागदावर छापलेले इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर पाहून मोठ्या अक्षरांत उतरवून घ्यावे. ऐकलेल्या उच्चारावरून किंवा देवनागरीत लिहिलेल्या रूपावरून सुरुवात करू नये, कारण देवनागरीत येताना काही भेद पुसले जातात (त्यांपैकी एक बराच महागात पडू शकतो, तो शेवटी पाहू). शब्दाभोवती दुसरे शब्द असतील, उदाहरणार्थ 'बायोप्सीसह', तर ते वेगळे ठेवावेत.

दुसरी पायरी : शेपटीपासून सुरुवात करा

तत्पुरुष समासात शेवटचे पद प्रधान असते. 'राजवाडा' हा वाडाच असतो, राजा नव्हे. वैद्यकीय शब्दाचेही तसेच आहे : तपासणी, शस्त्रक्रिया, आजार की विद्याशाखा हे शेवटचा घटक ठरवतो, आणि त्याच्या आधीचे घटक ते कशाचे किंवा कुठले हे सांगतात. म्हणून डोळे आधी शब्दाच्या टोकाला न्यावेत.

आपल्या शब्दाच्या टोकाला 'स्कोपी' आहे. ग्रीक भाषेत याचे मूळ पाहणे, न्याहाळणे या अर्थाच्या क्रियापदात आहे. 'स्कोप' हे साधन, 'स्कोपी' ही त्या साधनाने पाहण्याची क्रिया. पुढचा एकही घटक कळला नाही तरी एवढ्यावरून निश्चित होते की काहीतरी आत डोकावून पाहिले जाणार आहे, काढणे किंवा कापणे हा तिचा मुख्य हेतू नाही. भेदरलेल्या रुग्णाला एवढी माहितीसुद्धा थोडी नसते. जाता जाता सांगायला हरकत नाही की जर्मनीतील फ्रायबर्ग येथे अडॉल्फ कुसमाउल यांनी १८६८ मध्ये जिवंत माणसाच्या जठरात सरळ, ताठ नळी उतरवून पाहिले, तेव्हा त्यांनी त्यासाठी तलवारी गिळण्याचे खेळ करणारा माणूस निवडला होता. वाकणारी, काचतंतूंची नळी बॅसिल हिर्शोविट्झ यांनी अमेरिकेत १९५७ मध्ये वापरात आणली, आणि त्यानंतर ही तपासणी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली.

टोकाला येणारे घटक मोजकेच आहेत. 'आयटिस' म्हणजे दाह, 'ओसिस' म्हणजे विकृती किंवा विशिष्ट स्थिती, 'मेगाली' म्हणजे आकाराने वाढलेले असणे, 'ग्राफी' म्हणजे चित्र किंवा आलेख घेणे आणि 'ग्राम' म्हणजे ते चित्र, 'लॉजी' म्हणजे शास्त्र, 'एमिया' म्हणजे रक्ताशी संबंधित स्थिती. 'ओमा' दिसला की लोक दचकतात. त्याचा अर्थ गाठ किंवा फुगवटा एवढाच आहे. लायपोमा ही चरबीची निरुपद्रवी गाठ असते, हिमॅटोमा म्हणजे साकळलेले रक्त, तर लिम्फोमा हा खरोखर कर्करोग असतो. तेव्हा केवळ शेपटीवरून आजाराची गंभीरता ठरवू नये.

तिसरी पायरी : सांधे शोधा, पण प्रत्येक 'ओ' सांधा मानू नका

'स्कोपी' बाजूला केल्यावर उरते 'इसोफॅगोगॅस्ट्रोड्युओडेनो'. ग्रीक-लॅटिन घटक जोडताना मध्ये बहुधा 'ओ' हा जोडस्वर येतो. उच्चार सुलभ व्हावा एवढेच त्याचे काम. त्याला स्वतःचा अर्थ नसतो. म्हणून मागून पुढे येत 'ओ'पाशी थांबत थांबत शब्द तोडावा : डेनो... आणि इथेच पहिली फसगत होते. 'ड्युओ' आणि 'डेनो' असे दोन तुकडे दिसतात खरे, पण ड्युओमधला 'ओ' जोडस्वर नाही, तो ड्युओडेनम या अवयवाच्या नावातच आहे. सुरुवातीच्या 'इसो'मधल्या 'ओ'चीही तीच गोष्ट. तो तोडला तर हाती 'फॅगो' येतो, त्याचा संबंध खाण्याशी आहे असे शब्दकोश सांगतो, आणि वाचक अवयव सोडून भलत्याच वाटेला लागतो.

यावर साधा नियम असा : तुकडा एखाद्या अवयवाच्या नावाशी जुळला की तोडणे थांबवावे. अवयवाच्या नावाचीही व्युत्पत्ती असते, ती रंजक असते, पण अहवाल समजण्यासाठी तिची गरज नसते. या नियमाने आपल्या शब्दाचे चार घटक होतात : इसोफॅगो, गॅस्ट्रो, ड्युओडेनो, स्कोपी.

जोडस्वराचे आणखी दोन नियम लक्षात ठेवले तर पुष्कळ शब्द सुटतात. शेवटचा घटक स्वराने सुरू होत असेल तर जोडस्वर गळतो : गॅस्ट्रो आणि आयटिस मिळून 'गॅस्ट्रायटिस' होते, 'गॅस्ट्रोआयटिस' नव्हे. आपल्याकडे संधीत दोन स्वर शेजारी आले की जे होते त्याचाच हा प्रकार. मात्र दोन अवयवांची नावे शेजारी आली, तर दुसरे नाव स्वराने सुरू होत असूनही 'ओ' बहुधा टिकतो, म्हणून 'गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी' या शब्दात 'ओ' आणि 'ए' लागोपाठ ऐकू येतात.

चौथी पायरी : घटकांचे अर्थ लावा

इसोफॅगो म्हणजे इसोफॅगस, आपली अन्ननलिका. गॅस्ट्रो म्हणजे जठर. ग्रीकमध्ये 'गॅस्टर' हा शब्द पोटासाठी आहे. ड्युओडेनो म्हणजे ड्युओडेनम, लहान आतड्याचा जठराला लागून असलेला पहिला भाग, ज्याला आपल्या पाठ्यपुस्तकांत आद्यांत्र म्हणतात.

या तिसऱ्या नावापाशी क्षणभर थांबावेसे वाटते. लॅटिनमध्ये ते 'बारा' या संख्येवरून आले आहे. ग्रीक शरीरशास्त्रज्ञांनी आतड्याच्या या भागाची लांबी बारा बोटांच्या रुंदीएवढी सांगितली होती. ते वर्णन अरबीत गेले आणि मध्ययुगात अरबीतून लॅटिनमध्ये उतरताना त्यातली फक्त 'बारा' ही संख्या नाव म्हणून शिल्लक राहिली. आपल्या जुन्या मापाने सांगायचे तर बारा अंगुळे. प्रत्यक्षात प्रौढ माणसाचे आद्यांत्र साधारण २५ सेंटिमीटर असते, म्हणजे माप फारसे चुकलेले नाही.

आता अर्थ शेवटून पुढे येत लावावा : 'पाहणे, कशाचे, अन्ननलिका, जठर आणि आद्यांत्र यांचे'. मराठीत सरळ वाक्य करायचे तर 'अन्ननलिका, जठर आणि आद्यांत्र यांची दुर्बिणीने केलेली तपासणी'. अवयवांचा क्रमही आपोआप ठरलेला आहे. घास तोंडातून ज्या वाटेने जातो त्याच वाटेने नळी जाते आणि नावातले घटकही त्याच क्रमाने येतात.

याची खातरजमा अहवालातच करता येते. एन्डोस्कोपीच्या अहवालात साधारणपणे पहिली ओळ अन्ननलिकेची, दुसरी जठराची आणि तिसरी आद्यांत्राची असते. अन्ननलिकेच्या ओळीत सेंटिमीटरचा आकडा दिसला तर तो समोरच्या दातांपासून मोजलेला असतो. प्रौढांमध्ये अन्ननलिका जठराला जिथे मिळते ती जागा सुमारे ४० सेंटिमीटरवर येते. जठराच्या ओळीत 'अँट्रल गॅस्ट्रायटिस' असे असेल, तर आतापर्यंतच्या रीतीने तेही वाचता येते : शेवटी दाह, त्याआधी जठर, आणि 'अँट्रल' म्हणजे जठराच्या खालच्या टोकाकडील अँट्रम या भागाचा. आद्यांत्राच्या ओळीत 'डी १' आणि 'डी २' म्हणजे त्याचा पहिला आणि दुसरा भाग. नळी सहसा दुसऱ्या भागापर्यंत नेतात.

पाचवी पायरी : उच्चार बसवा

अर्थ कळल्याशिवाय उच्चाराकडे वळू नये, असे माझे मत आहे. घटक ठाऊक नसलेला माणूस श्वास कुठे घ्यायचा हे ठरवू शकत नाही आणि अर्ध्यावर अडखळतो.

मराठीत आपण शब्दातल्या प्रत्येक तुकड्याला जवळपास सारखाच जोर देतो. इंग्रजीत एका तुकड्यावर ठळक आघात असतो, त्याच्या आसपासचे स्वर आखडतात, आणि आघात चुकला तर बाकी सगळे बरोबर असूनही ऐकणाऱ्याला शब्द ओळखू येत नाही. सुदैवाने वैद्यकीय शब्दांत आघाताची जागा शेपटीच ठरवते. 'स्कोपी', 'ग्राफी', 'लॉजी' आणि 'टॉमी' असलेल्या शब्दांत तो शेवटून तिसऱ्या तुकड्यावर पडतो. म्हणून आपण 'एन्डोस्कोपी' म्हणत असलो तरी इंग्रजी उच्चार 'एन्-डॉस्-क-पी' असा होतो, जोर 'डॉस्'वर. 'आयटिस' असेल तर जोर 'आय'वर, 'ओसिस' किंवा 'ओमा' असेल तर 'ओ'वर, 'मेगाली' असेल तर 'मे'वर.

त्यानुसार आपला शब्द बारा तुकड्यांत असा मांडावा :

ई-सॉ-फ-गो-गॅस्-ट्रो-ड्यू-ओ-डी-नॉस्-क-पी

मुख्य जोर 'नॉस्'वर, आणि त्याहून हलके ठोके 'सॉ', 'गॅस्' आणि 'ड्यू' यांवर. अमेरिकी उच्चारात 'ई' आखूड होऊन 'इ' होते आणि 'ड्यू'चा 'डू' होतो. दोन्ही उच्चार शुद्ध आहेत. कुठलाही एक धरावा.

देवनागरीत उच्चार लिहिण्याचा मोठा फायदा म्हणजे 'ॲ' आणि 'ऑ' यांच्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र चिन्हे आहेत. पण दोन ठिकाणी सावध राहावे लागते. पहिले ठिकाण म्हणजे 'फ'. इथला 'फ' ओठ मिटून म्हटलेला 'फळ'मधला नाही. खालचा ओठ वरच्या दातांना लागून येणारा 'फोटो'मधला आहे. दुसरे ठिकाण म्हणजे गळणारा अकार. आपण 'करता' लिहितो आणि 'कर्ता' म्हणतो. त्याच सवयीने 'सॉफगो' असे सलग लिहिलेले 'सॉफ्गो' असे वाचले जाते आणि एक तुकडा नाहीसा होतो. म्हणून तुकड्यांमध्ये आडव्या रेघा द्याव्यात, आणि 'फ' व 'क' हे दोन्ही पूर्ण अकारासह म्हणावेत.

सरावही शेवटाकडून करावा. आधी 'नॉस्-क-पी' तीन-चार वेळा म्हणावे. मग 'डी-नॉस्-क-पी'. मग 'ड्यू-ओ-डी-नॉस्-क-पी'. ते सहज येऊ लागले की 'गॅस्-ट्रो' जोडावे आणि सर्वांत शेवटी 'ई-सॉ-फ-गो'. सुरुवातीपासून सराव करणाऱ्याची पहिली दोन पदे पक्की होतात आणि शेवट दर वेळी डळमळतो, आणि मुख्य आघात तर शेवटाकडेच असतो. उलट्या सरावात प्रत्येक फेरी ओळखीच्या भागावर येऊन संपते. प्रत्येक घटकानंतर किंचित थांबले तरी चालते; डॉक्टरही हा शब्द सलग एका दमात क्वचितच म्हणतात, आणि एरवी आद्याक्षरांवर भागवतात.

स्पेलिंगमधून उच्चार काढताना

काही अक्षरजोड्या पुन्हा पुन्हा अडवतात. ग्रीकमधून आलेल्या शब्दांत 'सी-एच'चा उच्चार 'क' होतो, म्हणून पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचे नाव 'कोलेसिस्टेक्टॉमी', 'चोले' नव्हे. शब्दारंभी 'पी-एन', 'पी-एस' किंवा 'पी-टी' असेल तर 'पी' मुका राहतो : न्यूमोनिया, सोरायसिस, आणि पापणी खाली ओघळण्याला टोसिस. पण हाच 'पी' शब्दाच्या मध्ये आला की जागा होतो, म्हणून खोकल्यातून रक्त पडण्याला हिमॉप्टिसिस म्हणताना 'प' स्पष्ट उमटतो. आरंभी 'एक्स' असेल तर 'झरा'मधला 'झ' म्हणावा : झँथोमा. ब्रिटिश स्पेलिंगमधल्या 'ओ-ई' आणि 'ए-ई' या जोड्यांचा उच्चार बहुधा 'ई' होतो.

'सी' आणि 'जी' ही अक्षरे पुढच्या स्वराकडे पाहून रंग बदलतात : पुढे 'ई', 'आय' किंवा 'वाय' आल्यास 'स' आणि 'ज', एरवी 'क' आणि 'ग'. याचे उत्तम उदाहरण म्हणजे ओटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजी. यात 'जी' दोनदा येतो, पहिला 'ग' आणि दुसरा 'ज'. आपण हे नाव आता रीतीने सोडवू. शेवटी शास्त्र, त्याआधी ओटो म्हणजे कान, ऱ्हायनो म्हणजे नाक, लॅरिंगो म्हणजे स्वरयंत्र. आपल्याकडे दवाखान्याच्या पाटीवर 'कान-नाक-घसा तज्ज्ञ' असे लिहिलेले असते तेव्हा त्यात अवयवांचा क्रम हाच असतो. उच्चार 'ओ-टो-राय-नो-लॅ-रिंग्-गॉ-ल-जी', आघात शेवटून तिसऱ्या 'गॉ'वर.

सोनोग्राफीच्या अहवालात भेटणारे हिपॅटोस्प्लेनोमेगाली याहून सोपे आहे : यकृत आणि प्लीहा, दोन्ही आकाराने वाढलेले. इथे हे ध्यानात घ्यावे की शब्द फक्त निरीक्षण सांगतो, कारण सांगत नाही; हिवतापापासून यकृताच्या जुनाट आजारापर्यंत अनेक कारणांनी असे होते, आणि कारण शोधणे हे डॉक्टरांचे काम आहे.

मुले स्पर्धेसाठी पाठ करतात तो न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस हा ४५ अक्षरांचा शब्दही याच रीतीने सुटतो. शेवटचे 'कोनिओसिस' म्हणजे धुळीने झालेला विकार, आणि बाकीचे घटक फुप्फुस, अतिसूक्ष्म, सिलिका आणि ज्वालामुखी यांचे. मात्र हा शब्द १९३५ मध्ये अमेरिकेतील कोडे-शौकिनांच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी लांबीसाठीच घडवलेला आहे. दगडाच्या खाणीत किंवा खडी क्रशरवर काम करणाऱ्या मजुराच्या फुप्फुसात सिलिकाची धूळ साचून होणाऱ्या आजाराला डॉक्टर सिलिकोसिस म्हणतात. अहवालात हा लांब शब्द शोधण्यात अर्थ नाही.

सहावी पायरी : जुळ्या शब्दांची पडताळणी

शेवटची पायरी सर्वांत कंटाळवाणी आहे, पण ती गाळू नये. एका घटकाच्या फरकाने अर्थ पालटणारे शब्द वेगळे काढून पुन्हा स्पेलिंगशी ताडून पाहावेत. गॅस्ट्रॉटॉमी म्हणजे जठराला छेद देणे, गॅस्ट्रॉस्टॉमी म्हणजे जठरात बाहेरून उघडणारे तोंड करणे (गिळता न येणाऱ्या रुग्णाला नळीने अन्न देण्यासाठी ते करतात), आणि गॅस्ट्रेक्टॉमी म्हणजे जठर पूर्ण किंवा अंशतः काढून टाकणे. घाईत ऐकताना तिन्ही शब्द सारखेच वाटतात. तीच गत 'हायपर' आणि 'हायपो' यांची : हायपरग्लायसेमियात रक्तातील साखर वाढलेली असते, हायपोग्लायसेमियात ती घसरलेली असते, आणि दोन्हींवरचे उपाय परस्परविरोधी आहेत. फोनवरून अहवाल सांगताना केवळ उच्चारावर विसंबू नये, 'साखर वाढली' किंवा 'साखर उतरली' असे मराठीत जोडून सांगावे.

आणि देवनागरीत पुसला जाणारा तो भेद. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचे, म्हणजे शेषांत्राचे इंग्रजी नाव आणि कमरेच्या रुंद हाडाचे इंग्रजी नाव, ही दोन्ही देवनागरीत 'इलियम' अशीच लिहिली जातात आणि कानालाही सारखीच ऐकू येतात. स्पेलिंगमध्ये आतड्याच्या नावात 'एल'नंतर 'ई' असतो, हाडाच्या नावात 'आय'. विम्याचा अर्ज भरताना, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यासाठी माहिती लिहून देताना किंवा गावाकडच्या नातेवाइकाला अहवाल समजावून सांगताना हा शब्द आला, तर शेजारी 'आतडे' किंवा 'हाड' असे लिहावे, आणि मूळ अहवालाची छायाप्रत सोबत जोडावी.